ट्रेलरवरचा ट्रॅक्टर

वाकडच्या हमरस्त्याने ट्रेलर जातात. कुणावर ट्रॅक्टर, कुणावर खोदाईचे यंत्र. वजन मोठे, ते नुसते ठेवून भागत नाही.

ट्रॅक्टर ट्रेलरच्या मध्यापासून जरा पुढे उभा करा. भार मागे गेला, तर ट्रेलर झोके खातो आणि पुढच्या गाडीलाही ओढतो. हँडब्रेक लावा. चाकांना लाकडी पाचरी द्या. चारही बाजूंनी साखळ्या कसा. वाटेत टायर दबतो, साखळी ढिली पडते. थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा कसा. पण उतरतो कोण?

साताऱ्याकडून वाकडला येताना, कात्रजच्या नव्या बोगद्यापुढे नवले पुलापर्यंत मोठा उतार लागतो. २०२२च्या नोव्हेंबरात तिथे एका ट्रकमुळे अनेक गाड्यांचे नुकसान झाले. तेव्हा डिझेल वाचवायला गिअर काढू नका, बाबांनो. खालच्या गिअरमध्येच उतरा. नुसता ब्रेक दाबत राहाल, तर तो तापतो आणि धरत नाही.