सहलीच्या बसमधील रिकामे आसन
समावेशक शिक्षणाचा एक दुर्लक्षित पैलू

(लखनौ येथे शिक्षक-प्रशिक्षणार्थी व स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शालेय सहल हा विषय अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने का निवडावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मर्यादित साधनांचे वाटप होताना संधी कोणाला मिळते, कोण वगळले जाते आणि त्या वगळण्याची किंमत कोण मोजते, हे अर्थशास्त्राचे मूलभूत प्रश्न आहेत. ते अर्थसंकल्पाला जसे लागू पडतात, तसेच सहलीला निघालेल्या बसलाही लागू पडतात.

वर्गात एखादे मूल क्षणभर स्वस्थ बसत नाही, एखादे गोंगाटाने बिथरते, तर एखादे रागाच्या भरात धावत सुटते. सहलीची यादी तयार होताना अशा मुलाचे नाव बहुधा सर्वप्रथम गळते. ‘जबाबदारी कोण घेणार?’ एवढ्या एका वाक्यावर निर्णय होतो. ही मुले अपवादात्मक नाहीत. बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये उत्तर प्रदेशासह १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात हे प्रमाण सरासरी तिघांच्या आसपास भरते.

शहर हीच पाठशाळा

ही मुले नेमके काय गमावतात, हे लखनौच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. नवाब आसफउद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात बडा इमामबाड्याचे बांधकाम हाती घेतले आणि हजारो हातांना काम मिळाले. दुष्काळ निवारणासाठी सार्वजनिक कामे काढण्याची ही कल्पना पुढे महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात हक्काच्या रूपाने अवतरली. पुस्तकातील दोन ओळींपेक्षा त्या भव्य दालनात उभे राहून हा धडा अधिक खोलवर रुजतो. ज्या मुलाला एका जागी बसून शिकणे जड जाते, त्याला तर चालत, पाहत, हाताळत शिकण्याची गरज सर्वाधिक असते. नेमके तेच मूल घरी राहते, ही या व्यवस्थेतील विसंगती होय.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये सुरू झालेल्या एका कला संग्रहालयाच्या भेटीसाठी शाळांची निवड सोडतीने झाली. त्यामुळे भेट दिलेल्या व न दिलेल्या विद्यार्थ्यांची तुलना शक्य झाली. १२३ शाळांतील सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांच्या या अभ्यासात एका भेटीनंतरही चिकित्सक विचार व सहिष्णुता यांत वाढ दिसली आणि ग्रामीण व गरीब वस्तीतील शाळांना अधिक लाभ झाला. हा अभ्यास वर्तनविषयक अडचणींपुरता नव्हता. परंतु ज्यांना संधी कमी, त्यांना लाभ अधिक, हे सूत्र त्यातून पुढे येते. याशिवाय २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, अवधान-न्यूनता व अतिचंचलता असलेल्या १७ मुलांची एकाग्रता उद्यानातील २० मिनिटांच्या फेरीनंतर शहरी रस्त्यावरील फेरीच्या तुलनेत अधिक असल्याचे आढळले.

कायद्याची चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ नुसार शासकीय अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थांमध्ये दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच क्रीडा व मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने मिळाव्यात, अशी अपेक्षा आहे. ‘रास्त सोयीसुविधा’ नाकारणे हा याच कायद्यानुसार भेदभाव ठरतो. सोय रास्त केव्हा? तिचा भार अवाजवी नसेल तेव्हा. म्हणजेच कायद्याने येथे खर्चाची कसोटी लावली आहे.

तथापि, एक उणीव लक्षात घ्यावी लागेल. या अधिनियमाच्या अनुसूचीत स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता व मानसिक आजार यांचा उल्लेख आहे. अतिचंचलतेचा स्वतंत्र उल्लेख नाही. अनेक मुलांजवळ कोणतेही प्रमाणपत्र नसते. त्यांची सोय कागदावर अवलंबून न ठेवता गरजेवर आधारित असणे आवश्यक आहे.

भार खरोखर किती?

समजा, ४० विद्यार्थ्यांच्या सहलीत एका मुलासाठी एक जादा प्रौढ व्यक्ती न्यावयाची आहे आणि तिचे मानधन, भोजन व तिकीट यांवर १,००० रुपये खर्च होतो. प्रति विद्यार्थी हा भार २५ रुपये पडतो. याउलट मुलाला वगळल्यास शाळेच्या हिशेबवहीत खर्च शून्य दिसतो. प्रत्यक्षात तो नाहीसा होत नाही, केवळ स्थलांतरित होतो. आईला त्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते, मुलाच्या मनात ‘मी यांच्यातला नाही’ ही भावना घर करते आणि वर्गमित्रही वगळणे स्वाभाविक मानू लागतात. यालाच अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. जो निर्णय घेतो, तो किंमत मोजत नाही.

उर्वरित काम नियोजनाचे आहे. इमामबाड्याच्या भूलभुलैयातील अरुंद, अंधाऱ्या वाटा व घुमणारा आवाज काही मुलांना असह्य होऊ शकतो. त्यांच्यासाठी मुख्य दालन व बाहेरचे प्रांगण पुरेसे आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेले कुकरैल येथील घडियाल पुनर्वसन केंद्र वनक्षेत्रात असल्याने पहिल्या छोट्या सहलीसाठी अधिक अनुकूल ठरू शकते. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिसंग्रहालयात गर्दी टाळून सकाळची वेळ निवडता येईल. दिवसाचा क्रम चित्रांतून आधी समजावणे, मुलाला ओळखीची एकच व्यक्ती सोबत देणे, विश्रांतीची शांत जागा ठरवणे आणि गरज पडल्यास लवकर परतण्याची व्यवस्था ठेवणे, एवढी पूर्वतयारी बहुतेक वेळा उपयुक्त ठरते. त्याचा लाभ उरलेल्या मुलांनाही मिळतो.

सुरक्षिततेची चिंता खोटी नाही. पाण्याकाठी वा रहदारीत धोका असतोच. एखाद्या विशिष्ट सहलीला एखाद्या मुलाला नेणे अयोग्यही ठरू शकेल. मात्र तो निर्णय त्या मुलापुरता, पालकांशी चर्चा करून, लेखी कारणांसह व पर्यायी सहल देऊन घेतला जावा. सरसकट वगळणे ही सुरक्षितता नव्हे.

धोरणाची दिशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना १० दिवसांची व ऐतिहासिक स्थळांच्या भेटींची कल्पना मांडली आहे. उत्तर प्रदेशातील विशेष शिक्षकांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा व त्यापुढे पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सुचवले. लखनौमध्येच डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ आहे. तेथील प्रशिक्षणार्थी सहलींमध्ये सोबती म्हणून सहभागी झाल्यास त्यांना अनुभव व शाळांना मनुष्यबळ मिळेल. सहलीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात ‘सोबती’ हे स्वतंत्र खर्चशीर्ष असावे आणि सहलीनंतरच्या अहवालात किती मुले गेली याबरोबरच किती राहिली व का राहिली, याचीही नोंद बंधनकारक असावी. जे मोजले जात नाही, त्यासाठी तरतूदही होत नाही.

आपल्यापैकी काही जण उद्या मुख्याध्यापक होतील, काही गटशिक्षणाधिकारी, तर काही प्रशासनात जातील. सहलीच्या परवानगीचा कागद आपल्या टेबलावर येईल तेव्हा बसचा परवाना व विद्यार्थिसंख्या यांच्याबरोबर मागे राहिलेल्यांची यादीही अवश्य मागावी. समावेशक शिक्षणाची खरी परीक्षा त्या यादीत आहे.