एका सूत्राचा गोतावळा



या शाळेत ज्यांनी आयुष्यभर गणित शिकवले, त्या गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. मी मराठीचा प्राध्यापक. गणित हे माझे क्षेत्र नव्हे. तरीही आजचा विषय मला भाषेच्या वाटेनेच भेटला. संगणकावर फ्रॅक्टल आकृत्या रेखाटणाऱ्या आज्ञावल्या आणि त्या आकृत्यांचे परस्परांशी असलेले नाते, हा तो विषय होय.

‘फ्रॅक्टल’ हा शब्द बेन्वा मांडेलब्रॉ या गणितज्ञाने 1975 साली, ‘भंगलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडवला. जिचा कोणताही तुकडा कितीही मोठा करून पाहिला तरी गुंतागुंत संपत नाही, ती आकृती ढोबळमानाने फ्रॅक्टल म्हणावी. यांतील सर्वांत प्रसिद्ध आकृती म्हणजे मांडेलब्रॉ संच. तिचे सूत्र शाळकरी मुलालाही समजेल. एक संख्या निवडावी. शून्यापासून आरंभ करून, हाती असलेल्या संख्येचा वर्ग करावा आणि त्यात निवडलेली संख्या मिळवावी. आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच बेरीज. 1 निवडला तर 0, 1, 2, 5, 26 अशी उत्तरे पळत सुटतात. उणे 1 निवडला तर 0, उणे 1, 0, उणे 1 असा झोका अखंड चालू राहतो. जिची उत्तरे पळत नाहीत ती संख्या संचात, पळतात ती बाहेर. हाच खेळ प्रतलावरील संमिश्र संख्यांशी मांडला की आकृती उमटते. बाहेरच्या बिंदूला पळून जाण्यास किती फेऱ्या लागल्या, त्यावरून त्याचा रंग ठरतो. मात्र कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा, ही आपली आवड. रंग हा अलंकार आहे, अर्थ सूत्रात आहे.

1988 साली बर्ट टायलर यांनी आरंभलेली आणि पुढे अनेक हौशी मंडळींनी मिळून वाढवलेली ‘फ्रॅक्टिंट’ ही आज्ञावली विनामूल्य होती. त्या काळच्या घरगुती संगणकाला दशांशाची आकडेमोड जड जाई, म्हणून ती पूर्णांकांवर काम करी. तिच्या नावातला ‘इंट’ तिथूनच आला. अशा आज्ञावलीत सूत्रांची एक लांबलचक यादी असते. नवशिका ती यादी चाळत सुंदर चित्रे गोळा करतो आणि दोन दिवसांत कंटाळतो. मला वाटते, खरा आनंद यादीत नाही; एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहण्यात आहे.

वृत्तांचा अभ्यास आपण असाच करतो. भुजंगप्रयातात ‘य’ गण चार वेळा येतो. ‘य’च्या जागी ‘र’ ठेवला की अक्षरे बाराच राहतात, पण वृत्त स्रग्विणी होते आणि चाल पार बदलते. तीच रीत येथे लावून पाहू. वर्गाऐवजी घन केला, तर एकाच खाचेची ती हृदयाकार आकृती जाऊन दोन सारख्या भागांची आकृती येते. चौथा घात घेतला तर तीन भाग, पाचवा घेतला तर चार. घाताहून एक कमी, हा नियम विद्यार्थ्याला स्वतःच सापडतो. आता घात पुन्हा दोनच ठेवून, वर्ग करण्यापूर्वी संख्येची अनुबद्ध संख्या घ्यावी, म्हणजे काल्पनिक भागाचे चिन्ह उलटे करावे. आकृतीला तीन शिंगे फुटतात. तिचे नावच ‘ट्रायकॉर्न’. येथे भागांची संख्या घाताहून एक अधिक होते! एका चिन्हाने ‘कमी’चे ‘अधिक’ केले. आणि वर्गापूर्वी दोन्ही भागांचे केवळ मूल्य घेतले, तर वरच्या आणि खालच्या अर्ध्यांतील आरशासारखे साम्य मोडते आणि ज्वाळांत सापडलेल्या गलबतासारखी आकृती दिसते. मिखेलिच आणि रॉस्लर यांनी 1992 साली पुढे आणलेले हे ‘जळते जहाज’. दिसण्यात परके, पण जातीने सख्खे.

उलट, त्याच यादीत मायकेल बार्न्सली यांचे नेच्याचे पानही असते. ते हुबेहूब रानातल्या पानासारखे दिसते, परंतु त्याची घडण वेगळी आहे: चार साध्या रूपांतरांतून एकेक निवडत बिंदू मांडत जायचे. यादी एक, कूळ वेगळे. शब्दांचेही असेच आहे. कामकाजातला ‘काज’ संस्कृत ‘कार्य’पासून आला, तर बटणाचे ‘काज’ पोर्तुगीजांकडून. ‘वीज’ आणि ‘विद्युत्’ यांचे रूप मात्र भिन्न असूनही रक्त एक. चेहऱ्यावरून नाते ठरवू नये, घडण पाहावी.

या गोतावळ्यातील सर्वांत खोल नाते ज्युलिया संचांचे. सूत्र तेच, फक्त मिळवायची संख्या स्थिर ठेवायची आणि आरंभबिंदू बदलत जायचा. मिळवायच्या प्रत्येक संख्येसाठी वेगळा ज्युलिया संच मिळतो. गास्ताँ ज्युलिया आणि प्येर फातू यांनी 1918 च्या सुमारास, संगणक नसताना, केवळ विचाराच्या बळावर हे क्षेत्र उभे केले. निवडलेली संख्या मांडेलब्रॉ संचात असेल तर तिचा ज्युलिया संच अखंड असतो. बाहेर असेल तर त्याची धूळ होते. म्हणजे मांडेलब्रॉ संच ही जणू सर्व ज्युलिया संचांची सूची आहे. फ्रॅक्टिंटमध्ये स्पेसची कळ दाबून या सूचीतून त्या त्या पानावर जाता येत असे.

पण एक सावधगिरी. सुरुवातीच्या चित्रांत मुख्य आकृतीभोवती सुटे ठिपके दिसत. डोळा म्हणे, हे वेगळे आहेत. 1982 साली आद्रियँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी सिद्ध केले की संपूर्ण संच एकसंध आहे. ठिपक्यांना जोडणारे धागे इतके सूक्ष्म, की चित्रात उमटतच नव्हते. फेऱ्यांची मर्यादा कमी ठेवली तर पळणारा बिंदूही आतलाच वाटतो. चित्र प्रश्न विचारते, उत्तर सिद्धतेनेच द्यावे लागते. याच संचाच्या सीमेविषयीचा एक मूलभूत प्रश्न आजही सुटलेला नाही.

विद्यार्थिमित्रहो, आज अशा आज्ञावल्या विनामूल्य मिळतात आणि चित्र क्षणात उमटते. म्हणूनच माझी एक विनंती आहे. संगणकाशेजारी वही ठेवा. सूत्रात एकच बदल करा. कळ दाबण्यापूर्वी काय दिसेल ते लिहा, आणि मग पाहा. भाकीत चुकले तर का चुकले, हे शोधा. गणिताच्या शिक्षकाला याहून मोठी श्रद्धांजली कोणती असू शकेल, मला ठाऊक नाही.