उत्सव पाठाच्या पोटी जन्मावा



जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरतो, त्याच्या आगेमागेच ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून ती उद्योगनगरीत प्रवेश करते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला विसावते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघीवरून पुण्याकडे जाते. एवढा मोठा पाठ दारावरून चालत जात असतो; शाळेकडून मात्र आषाढी एकादशीच्या तोंडावर घरोघरी निरोप येतो की, मुलाने विठ्ठल अथवा वारकरी आणि मुलीने रुक्मिणी होऊन यावे. मग भाड्याच्या पोशाखांसाठी धावपळ, अर्ध्या तासाची दिंडी, पुष्कळशी छायाचित्रे. दुपारी मुकुट उतरतो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा ‘क’ची बाराखडी!

पालखीचे प्रस्थान आणि एकादशी यांच्यामध्ये जवळजवळ तीन आठवडे असतात. ते वर्गात वापरता येतात. पालखी, पताका, पादुका, पखवाज, पंढरपूर या शब्दांतून सहा वर्षांच्या मुलाला ‘प’ हा ध्वनी जितका सहज सापडतो, तितका तो अंकलिपीतील पतंगातून सापडत नाही. चार-चार वारकऱ्यांच्या रांगा मांडताना मोजणी येते, रिंगणातून वर्तुळ कळते, टाळांच्या ठेक्यातून लय. दोरीला रोज एक गाठ मारून मुक्काम मोजले की देहू, आकुर्डी, पुणे ही केवळ नावे राहत नाहीत. इंद्रायणीचे पाणी कसे आहे, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात (त्याचे उत्तर देणे मोठ्यांना जड जाते, ही गोष्ट निराळी). शेवटी मुलांनी स्वतः कापलेल्या कागदी पताका घेऊन दिंडी निघते. त्या दिंडीतील प्रत्येक वस्तूची ओळख मुलाला असते. एका सूत्रात गुंफलेले शिक्षण म्हणतात ते हेच.

ही कल्पना परदेशातून आयात झालेली आहे, अशी समजूत असेल तर ती दूर व्हावी. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने ते काम वनवासी पाड्यांपर्यंत नेले. माँटेसरीबाईंची साधने महाग होती. ताराबाईंनी त्यांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आणले. जे मुलाच्या अंगणात आहे, तेच शैक्षणिक साधन! चिंचवडच्या पुनरुत्थान समरसता गुरुकुलमध्ये गिरीश प्रभुणे यांनी पारधी व इतर भटक्या-विमुक्त समाजांतील मुलांच्या परंपरागत कौशल्यांना शिक्षणात जे स्थान दिले, त्यामागची दृष्टीही याच जातीची आहे. २०२२ च्या राष्ट्रीय आराखड्यात पायाभूत स्तरासाठी पंचकोशांचा विचार मांडला गेला आणि महाराष्ट्रात २०२५-२६ पासून पहिलीचा वर्ग नव्या अभ्यासक्रमाने शिकू लागला. आराखडे येतात, ते चांगलेही असतात. परंतु ‘प्रकल्प’ म्हणून थर्माकोलचे मंदिर रात्री अकरा वाजता आईच जर चिकटवीत असेल, तर कोणता कोश विकसित होतो, हे सांगणे कठीण आहे.

खरी कसोटी वेगळीच आहे. भोसरी, चिखली, चाकण येथील पहिलीच्या वर्गात आज कोण बसते? वडील बीड-लातूरहून आलेले, तर कुणाचे बिहार वा उत्तर प्रदेशातून. एका खोलीत भाड्याचे बिऱ्हाड, वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलणारी. भाड्याचा मुकुट ज्याला परवडत नाही, ते मूल त्या दिवशी शाळेत येतच नाही. हजेरीपटावर ‘गैरहजर’ असा शेरा पडतो आणि उत्सव मात्र ‘उत्साहात संपन्न’ होतो. समाज जोडण्यासाठी जे सण आहेत, त्याच सणांच्या दिवशी सहा वर्षांचे बालक आपण निराळे आहोत हे शिकते. ही चूक मुलाची नाही, आईचीही नाही.

वास्तविक याच मुलांच्या घरी सर्वांत समृद्ध सामग्री असते. कार्तिकात मोशीला इंद्रायणीच्या घाटावर छठपूजेसाठी माता-भगिनी मावळत्या आणि उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. ‘सूर्य’ हे सूत्र शिकवताना तो घाट पाहिलेले मूल वर्गाचे शिक्षक होऊ शकते. त्याला फक्त विचारायला हवे, आणि त्याच्या हिंदीला कुणी हसू नये.

तसाच आश्विनातील खंडेनवमीचा सण. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हापासून ही भूमी यंत्रांची झाली. त्या दिवशी लेथला, प्रेसला, गॅरेजमधल्या पान्यांना झेंडूची माळ चढते. फिटरचा मुलगा, वेल्डरची मुलगी, वाहनचालकाचा मुलगा, अशा साऱ्यांना त्या दिवशी सांगण्यासारखे काही असते. येत्या खंडेनवमीला पहिलीच्या वर्गात पोशाखाची सक्ती नको. प्रत्येक मुलाने घरातील कामाचे एक हत्यार, धार नसलेले, पालकांना विचारून आणावे : पाना, मोजपट्टी, थापी, लाटणे, काहीही. त्याचे नाव त्याच्या घरच्या बोलीत सांगावे. बाईंनी ते फळ्यावर लिहावे. मग एक आंब्याचे पान, दोन झेंडू, पुन्हा एक पान, दोन झेंडू, असे मोजत मुलांनीच तोरण ओवावे. रात्रपाळी करून आलेले एखादे वडील सकाळी घरी जाता जाता दहा मिनिटे वर्गात थांबले, तर पान्याने बोल्ट कसा आवळतात, ते त्यांनीच दाखवावे.