निळू फुले : नट आणि माणूस



मी सातवीपर्यंत शिकलेला, मजुरांची युनियन चालविणारा माणूस. पुढे जे वाचले ते कंदिलाखाली आणि रात्रपाळीच्या चौकीत बसून वाचले. नाटकावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा तोंडातून एकच नाव निघाले : निळू फुले.

निळूभाऊंचा जन्म १९३० सालचा, घर गरिबीचे. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत ते माळीकाम करीत. पगार दरमहा ८० रुपये, आणि त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. हा हिशेब आपण ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे त्यात आहे.

सेवा दलाच्या कलापथकातून ते रंगमंचावर आले. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये लोकांनी त्यांना ओळखले, आणि शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांचे नाव गावोगाव गेले. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा पडद्यावर आला. मग बेरकी पाटील, सरपंच, सावकार यांची रांगच लागली. लहानपणी तंबूतल्या टॉकीजमध्ये मी पाहिले आहे : ते पडद्यावर आले की बाया बोटे मोडीत. नटाला याहून मोठी पावती कोणती?

१९७२ साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग. सखाराम हा पुस्तके बांधणारा कामगार. टाकलेल्या बायकांना घरी आणून आपला कायदा चालविणारा. नाटकावर बंदी आली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि नाटक जिंकले. कामगार म्हणजे देवमाणूस नव्हे, तोही घरी मालक होऊ शकतो, हे कडू सत्य निळूभाऊंनी आम्हा कामगारांना दाखविले.

पण मला बोलायचे आहे ते १९७५ सालच्या 'सामना'विषयी. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी. तो ओरडत नाही. तो जेवू घालतो, विचारपूस करतो, दारूही पाजतो. श्रीराम लागूंचा मास्तर त्याच्याच घरी राहतो, त्याचेच खातो, आणि तरीही बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारीत राहतो.

हे मी पुढे स्वतः अनुभविले. एका ठेकेदाराने मजुरीतला फरक थकविला होता. मी बोलायला गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागविला, माझ्या आईच्या दम्याची चौकशी केली, नागपूरच्या डॉक्टरला चिठ्ठी लिहून दिली. मी पंधरा दिवस गप्प बसलो. त्या पंधरा दिवसांत चार माणसांची नावे मस्टरवरून गेली. मास्तर खाऊनही विचारीत राहिला. मी चहा पिऊन विचारायचे थांबलो. त्या चौघांपैकी दोघे आज या सभेत बसले आहेत. त्यांच्यासमोर हे कबूल करण्यासाठीच मी हा विषय घेतला.

१९७९ च्या 'सिंहासन'मध्ये हेच निळूभाऊ दिगू टिपणीस हा पत्रकार झाले. राजकारणाचा सगळा बाजार पाहून शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. त्या चित्रपटात एक कामगारपुढारीही आहे, डिकास्टा. माझ्या तरुण सहकाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

पडद्यावर जन्मभर शोषक झालेला हा माणूस प्रत्यक्षात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होता. श्रीराम लागू, बाबा आढाव यांच्यासह त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्यासाठी नामांकित नटांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. हेतू हा, की पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरी चूल पेटावी. माळ्याच्या पगारातले ते १० रुपयेच असे वाढत गेले. २००९ साली ते गेले.

पाटलाचा आवाज त्यांना कोठून सापडला? मला वाटते, खालच्या पायरीवर उभे राहून वरच्याकडे टक लावून पाहिल्याशिवाय असा पाटील रंगविता येत नाही. ते पाहणे आपल्यालाही जमेल. मात्र आपल्या हातात त्याचाच चहा असता कामा नये.