नाण्यांचा निधी फोडू नका



  हैदराबादच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी नाणेसंशोधनाचा आढावा घ्यायला हवा. कोटिलिंगाळच्या सातवाहन नाण्यांपासून सैफाबादच्या टांकसाळीपर्यंत तो घ्यावा असे योजलेही होते. पण एक गोष्ट वर्षानुवर्षे मनात साचली आहे. आज तीच बोलणार आहे.

आपण नाण्यावरचा राजा वाचतो आणि नाणे पाडणाऱ्याला विसरतो. सैफाबादला १९०३ साली यंत्रांची टांकसाळ उभी राहिली. तिथला चारमिनार रुपया, कमानीत निजामाच्या नावाचे आद्याक्षर असलेला, एक पाहिला की बाकीचे ओळखता येतात. त्याआधीचा हाली रुपया हातोड्याचा. चांदीची वजनी चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घण घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे लेखाचा काही भाग बाहेरच राहायचा. एकाच ठशाची दहा-पंधरा नाणी शेजारी मांडावीत, तेव्हा तो लेख पुरा होतो. ठशाला गेलेली चीर नाण्यागणिक वाढताना दिसते आणि कोणते नाणे आधीचे, कोणते नंतरचे, हे कळते.

सकाळच्या सत्रात एकच ठसा दोनदा उमटलेल्या नाण्यांवरून बराच वाद झाला. कारागिरांचा हलगर्जीपणा, असे काहींचे मत पडले. एका तांबटाच्या शेजारी बसून मी तांब्याच्या चकत्यांवर ठसा मारून घेतला आहे. पहिल्या घावाला एक बाजू उठते, दुसरी कोरी राहते. दुसरा घाव घालावाच लागतो आणि तेवढ्यात चकती केसभर फिरते. तो तांबट पिढीजात हाताचा माणूस होता. त्याला हलगर्जी म्हणायची माझी तयारी नाही.

पण ठशांची आणि कारागिरांची ही हकिगत कळायला एका निधीतली नाणी एकत्र राहायला हवीत, आणि माझे दुखणे तिथेच आहे. मराठवाड्यातल्या एका गावी नांगराला नाण्यांचे मडके लागले. मी पोहोचलो तेव्हा ठळक नाणी विकली गेली होती, झिजलेली मुशीत गेली होती आणि उरलेली चिंचेने घासून लख्ख केली होती. झिजलेले नाणे किती हातांतून फिरले ते सांगत असते. तेच आधी वितळले.

याउलट, नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. सगळा निधी मोजला गेला म्हणून गौतमीपुत्राने नहपानावर मिळवलेल्या विजयाचा आवाका आपल्याला कळला. निवडक पन्नास नाणी हाती आली असती, तर काय कळले असते?

नाणे घडवणाऱ्याला आपण विसरतो, याचे आणखी एक उदाहरण. संगारेड्डीजवळच्या कोंडापूरला नाणी ओतण्याचे मातीचे साचे मिळाले. अशा साच्यांवर १९४५ साली पुस्तक लिहिले ते वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी. आपल्या क्षेत्राचे काम बाहेरच्या विद्वानाने केले, याची मला आजही खंत वाटते.

आता पुन्हा फुटणाऱ्या निधींकडे येतो. १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांवर किमतीचा गाडलेला ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तरीही निधी फुटतात, कारण फुटलेल्या निधीला गिऱ्हाईक मिळते. त्या गिऱ्हाइकांत या सभागृहातलेही काही आहेत, हे मी स्पष्टच सांगतो.

 

माझी विनंती एवढीच. सापडलेला निधी मोजल्याशिवाय आणि नोंदल्याशिवाय त्यातले एकही नाणे विकत घेऊ नका, आणि घासू तर मुळीच नका.