चाकांची फळी आणि वस्तीतील मोकळी जागा



स्केटबोर्डिंग हा खेळ आणि त्यासाठी वस्तीतील लहानसहान जागांची सुधारणा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पिण्याचे पाणी, शाळाखोल्या, रस्ते अशी कामे समोर असताना चाकांच्या फळीची ही चैन कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचा माझा विचार नाही. आरंभी एवढेच सांगतो की, विषय वरवर पाहता एका परदेशी खेळाचा असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या रोजच्या कारभारातला आहे. सार्वजनिक जागा कोणाची, तीत मुलांचा वाटा किती आणि ती जागा सांभाळावयाची कोणी, हा तो प्रश्न होय.

खेळाची घडण

हा खेळ अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९५० नंतरच्या दशकात रूढ झाला. समुद्राच्या लाटांवरून फळीवर उभे राहून घसरणाऱ्या तरुणांनी, समुद्र शांत असेल त्या दिवशी जमिनीवर तोच आनंद मिळावा म्हणून, फळीखाली रोलर स्केटची चाके बसविली. आपल्याकडेही गॅरेजमधून मागून आणलेली जुनी बेअरिंगे फळीखाली ठोकून उतारावर गाडी सोडणारी मुले कित्येक पिढ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा या खेळामागची प्रेरणा आपणांस अगदीच अनोळखी नाही.

प्रारंभीची चाके लोखंडाची वा पक्क्या मातीसारख्या पदार्थाची असत. ती खडखडत आणि बारीकशा खड्यानेही अडत. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युरेथेन या पदार्थाची चाके आली आणि खेळाचे रूप पालटले. नवी चाके जमिनीला धरून राहत व वळणावर निसटत नसत. १९७६-७७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात अवर्षण पडले, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले आणि त्यांच्या गोलाकार भिंतींवर मुले चढू-उतरू लागली. पुढे ॲलन गेलफंड आणि रॉडनी मलन या खेळाडूंनी हात न लावता फळीसह हवेत उडी घेण्याचे कौशल्य विकसित केले. ‘ऑली’ या नावाने ते ओळखले जाते.

प्रशासनाच्या दृष्टीने या शेवटच्या घटनेचे महत्त्व मोठे आहे. फळीसह उडी घेता येऊ लागताच पायऱ्या, कट्टे, कठडे, ओटे हे सारेच खेळाचे साहित्य बनले. खेळ मैदानातून निघून चौकात आला आणि नगरपालिकेशी त्याचा खटका उडाला. पादचाऱ्यांना धक्का लागतो, कट्ट्यांच्या कडा झिजतात, आवाज होतो, या तक्रारी खोट्या नव्हत्या. अनेक शहरांनी त्यावर मनाईचे फलक लावले आणि कट्ट्यांच्या कडांना लोखंडी खुंट्या बसविल्या. तथापि मनाईने खेळ थांबला नाही. तो एका कट्ट्यावरून उठून दुसऱ्या कट्ट्यावर गेला, एवढेच.

मनाई, मान्यता आणि मधला मार्ग

या संदर्भात तीन शहरांची उदाहरणे बोलकी आहेत.

पहिले उदाहरण फिलाडेल्फियाचे. तेथील ‘लव्ह पार्क’ या चौकाची मूळ कल्पना एडमंड बेकन या नामवंत नगररचनाकाराची. तो चौक पुढे स्केटबोर्ड खेळणाऱ्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण झाला. नगर प्रशासनाने तेथे खेळास बंदी केली, तेव्हा २००२ साली वयाच्या ९२ व्या वर्षी स्वतः बेकन डोक्यावर शिरस्त्राण घालून, इतरांच्या आधाराने फळीवर उभे राहिले आणि त्यांनी बंदीचा जाहीर निषेध केला. आपण आखलेली जागा लोकांनी आपल्या मनाप्रमाणे वापरली, याचा राग न येता तिचे सार्थक झाले असे वाटणारा हा अधिकारी आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण लंडनचे. थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर क्वीन एलिझाबेथ हॉल या सभागृहाच्या तळाशी काँक्रीटचे खांब आणि उतार असलेली मोकळी जागा आहे. ती खेळासाठी बांधलेली नव्हती; परंतु १९७० नंतरच्या दशकापासून मुले तेथे खेळत आली. २०१३ साली तेथे दुकाने काढून खेळाडूंना जवळच दुसरी नवी जागा देण्याची योजना पुढे आली. खेळाडूंनी तिला विरोध केला, हजारो हरकती दाखल झाल्या आणि २०१४ साली ती जागा खेळासाठीच राखण्याचा समझोता झाला. तिचा पूर्वी बंद केलेला काही भाग दुरुस्त करून २०१९ साली पुन्हा खुलाही करण्यात आला. आपण पुनर्वसनाची भाषा नेहमी बोलतो. नवी जागा जुन्या जागेहून चांगली असली, तरी जुन्या जागेत रुजलेले नाते तिच्याबरोबर हलत नाही, हे या प्रकरणावरून दिसून येते.

तिसरे उदाहरण ओरेगन राज्यातील पोर्टलंडचे असून आपल्या दृष्टीने तेच सर्वांत उपयुक्त आहे. तेथील बर्नसाइड पुलाखालची जागा पडीक, अस्वच्छ आणि गैरप्रकारांमुळे बदनाम होती. १९९० साली काही तरुणांनी कोणाचीही परवानगी न घेता तेथे स्वतः काँक्रीट ओतून उतार बांधण्यास प्रारंभ केला. तरुणांची वर्दळ सुरू झाल्यावर त्या जागेचे रूप पालटले. शेजारच्या व्यावसायिकांनी त्यांची बाजू घेतली आणि यथावकाश शहरानेही त्या कामास मान्यता दिली. विनापरवाना बांधकामाचे समर्थन मी करीत नाही. परंतु पुढची गोष्ट पाहा. त्या पुलाखाली काँक्रीट घोटण्यास शिकलेल्यांपैकी काहीजण पुढे असे पार्क बांधणारे व्यावसायिक झाले. २००८ साली पोर्टलंडने संपूर्ण शहरासाठी आराखडाच केला. त्यात एकूण १९ जागा निश्चित करण्यात आल्या. एक मोठे प्रादेशिक केंद्र, काही मध्यम आकाराची केंद्रे आणि बाकी वस्तीवस्तीतील लहान ठिकाणे, अशी त्यांची श्रेणी लावण्यात आली. मुलाला पायी वा सायकलीने जाता यावे, हे या लहान ठिकाणांचे प्रयोजन. एकच भव्य संकुल शहराबाहेर बांधून फीत कापण्यापेक्षा हा विचार अधिक शहाणपणाचा आहे, हे सांगावयास नको.

जनवारचा धडा

हे सारे श्रीमंत देशांतील झाले, असे कोणी म्हणेल. म्हणून आता आपल्या शेजारच्या राज्यात येऊ. मध्य प्रदेशात बुंदेलखंडातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. वस्ती आदिवासी आणि यादव समाजाची. उलरिके राइनहार्ट या जर्मन महिलेच्या पुढाकाराने २०१५ साली तेथे काँक्रीटचे स्केट पार्क उभे राहिले. तेथे नियम दोनच करण्यात आले. पहिला, शाळेत न जाणाऱ्यास फळी मिळणार नाही. दुसरा, मुलींना प्राधान्य.

शिक्षक बंधुभगिनींनी या दोन नियमांचा अवश्य विचार करावा. पहिल्या नियमाने खेळाचे आकर्षण शाळेच्या कामी लावले. दुसऱ्या नियमाने, जेथे मुलींचा वाटा नेहमी शेवटी निघतो, तेथे तो आधी काढला. फळ्या सामाईक असल्याने वेगवेगळ्या जातींची मुले एका फळीसाठी एका रांगेत उभी राहिली. याच गावची आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत खेळली. जेथे मुलीचे लहान वयातील लग्न ही नित्याची गोष्ट, तेथून एक मुलगी पारपत्र काढून परदेशी जाते, ही घटना पदकाच्या तराजूत तोलावयाची नसते.

राजस्थानात उदयपूरजवळच्या खेमपूर गावी एका चित्रपटाच्या निमित्ताने असेच पार्क बांधले गेले व चित्रीकरणानंतर ते गावच्या मुलांसाठी राहिले. बंगळूर येथे २०१३ साली खेळाडूंनीच देशी-परदेशी स्वयंसेवकांच्या साहाय्याने पार्क उभारले. दरम्यान २०२१ साली टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला आणि महिलांच्या स्ट्रीट प्रकारातील सुवर्णपदक मोमिजी निशिया या १३ वर्षांच्या जपानी मुलीने जिंकले. मुंबई, नवी मुंबई, पुणे येथील मुलांपर्यंत हा खेळ पोहोचला आहेच. उद्या तो तालुक्याच्या गावी आला, तर आपण त्याचे स्वागत मनाईच्या फलकाने करणार काय?

काम लहान, परंतु नीट

अशा ठिकाणासाठी फार मोठी जागा लागत नाही. पाण्याच्या टाकीखालची, उड्डाणपुलाखालची, बंद पडलेल्या बाजारओट्यांची किंवा शाळेच्या आवारातील कोपऱ्याची जागा पुरते. सपाट, घोटलेला कोबा, दोन-तीन वेगवेगळ्या उंचीचे ओटे, त्यांच्या कडांना बसविलेला लोखंडी अँगल आणि एक सौम्य उतार, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. हे काम गावचा अनुभवी गवंडी करू शकतो. गोलाकार खोलगट बांधकाम मात्र जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये. वक्रता चुकल्यास ती जागा कायमची निरुपयोगी होते.

तांत्रिक बाबतींत काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. स्केटबोर्डचे चाक जेमतेम पाच-साडेपाच सेंटिमीटर व्यासाचे असते. वाटाण्याएवढा खडा त्याखाली आला तरी चाक थांबते आणि खेळणारा पुढे फेकला जातो. म्हणून जमिनीतील भेगा बुजविणे आणि रोजचा केर काढणे ही या खेळातील सुरक्षिततेची पहिली पायरी होय. विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तेथे माती काढून मुरमाचा पक्का भराव घातल्याखेरीज कोबा टिकणार नाही. कोकणात पाण्याचा निचरा न झाल्यास शेवाळ धरते, म्हणून जमिनीस किंचित ढाळ हवा. दमट हवेत पत्र्याचे तयार उतार लवकर गंजतात; तेथे काँक्रीटच बरे. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारणे हा नियम सर्वांना ठाऊक आहे. तो पाळला जातो की नाही, हे पाहणे हे आपले काम.

जागा निवडताना ती रस्त्यावरून दिसेल, परंतु कोणाच्या निजण्याच्या खोलीला लागून नसेल, असे पाहावे. नजरेआडच्या जागी मुली येत नाहीत आणि आल्या तरी टिकत नाहीत. मोठ्या मुलांनी सारा वेळ व्यापू नये म्हणून लहानांचे व मुलींचे तास ठरवून द्यावेत. शिरस्त्राणाचा आग्रह धरावा, आणि फळ्यांप्रमाणे तीही शाळेत सामाईक ठेवावीत. एकेका कुटुंबाला हा खर्च परवडणारा नाही.

आक्षेपांचा विचार

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळतो. पाणी की फळी, असा सवाल असेल, तर उत्तर पाणी हेच आहे. परंतु प्रत्यक्षात निवड या दोहोंत क्वचितच असते. शहराच्या विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण दाखविलेले असते आणि वर्षानुवर्षे ते कागदावरच राहते, किंवा त्यावर हळूहळू दुसरेच काही उभे राहते. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्याने व क्रीडांगणे ही नगरपालिकांच्या विषयांत नमूद आहेत. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळेला क्रीडांगण असणे आवश्यक आहे. मुलांच्या खेळण्याचा हक्क मान्य करणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ साली स्वीकारला आहे. तेव्हा मुलांसाठी जागा देणे ही मेहेरबानी नव्हे.

आपल्या खेळांचे काय, हा दुसरा आक्षेप. कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांच्या मैदानावर या खेळाचे अतिक्रमण मुळीच होऊ नये, आणि होण्याचे कारणही नाही. कबड्डीला माती लागते, याला कोबा. उलट आपल्या तालमीकडूनच या कामाने धडा घ्यावा. तालमीतील हौद ठेकेदार राखत नाही. जो मल्ल त्या मातीत उतरतो, तोच ती उकरतो, चाळतो, तीत ताक-हळद मिसळतो. म्हणून तालमीला पहारेकरी लागत नाही. बर्नसाइडच्या पुलाखाली तरी दुसरे काय घडले? ज्यांनी बांधले, त्यांनीच राखले. कुलूप आणि कुंपण यांवर आपण जो खर्च करतो, त्यातील काही भाग मुलांना थापी आणि झाडू हाती देण्यावर केला, तर ती जागा अधिक काळ टिकेल.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या गावात परतल्यावर मुले सध्या कोठे खेळतात, हे संध्याकाळी स्वतः फिरून पाहावे. ज्या जागेवरून त्यांना वारंवार हुसकले जाते, ती नोंदवावी. शाळेच्या दोन शिक्षकांना, एका गवंड्याला आणि खेळणाऱ्या चार मुलांना, त्यांत दोन मुली असाव्यात, बरोबर घेऊन त्या जागेची पाहणी करावी व काय दुरुस्त केल्यास ती निर्धोक होईल याची यादी त्यांच्याकडूनच घ्यावी. मग तो विषय ग्रामसभेपुढे वा वॉर्ड सभेपुढे ठेवावा. मुलांनी केलेली मागणी सभेच्या इतिवृत्तात उतरलेली पाहणे, हेही लोकशाहीचे शिक्षणच आहे. आणि ती मागणी पुढच्या पावसाळ्याआधी पुरी करणे, हे आपले कर्तव्य आहे.