हंटरवाली आणि दोर धरणारा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

पस्तीस वर्षांनी पुन्हा त्याच बाकांवर अंग चोरून बसलेल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "तू सिनेमावाला आहेस, सिनेमावर बोल. पण पंधरा मिनिटांत आटप, नंतर जेवण आहे." मागून वरणाचा वास यायला लागलाच आहे. तेव्हा लांबण लावत नाही.

सुरुवात एका कबुलीने करतो. आपल्या गणिताच्या बाईंना आपण सगळे 'हंटरवाली' म्हणायचो. बाई, तुम्ही पहिल्याच रांगेत बसला आहात, म्हणून सांगतो की हे नाव आमच्या वर्गाने ठेवलेलं नाही. आमच्या आधीच्या मुलांनी ठेवलं होतं, आम्ही ते परंपरेने चालवलं. तुमच्या हातात हंटर कधीच नव्हता. लाकडी पट्टी होती, आणि तीही फळ्यावर रेघ मारण्यासाठी. तरी व्हरांड्यात तुमच्या चपलांचा आवाज आला की "हंटरवाली आली!" म्हणून अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. ही हंटरवाली मुळात कोण, हे मात्र आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

मला ते आजोबांकडून कळलं. निजामाच्या राज्यात, तरुणपणी, त्यांनी नांदेडला 'हंटरवाली' पाहिला होता. गोष्ट काय होती हे त्यांना नीट सांगता येत नसे. पण घोड्यावरून आलेली गोरी बाई, तिच्या हातातला चाबूक आणि चार गडी उताणे पाडून कमरेवर हात ठेवून हसणारी तिची मूर्ती ते हातवारे करून दाखवत. माळेगावच्या यात्रेत घोड्यांचा बाजार बघायला मला खांद्यावर घेऊन जायचे, तेव्हाही एखादं उमदं जनावर दिसलं की म्हणायचे, "हे हंटरवालीच्या लायकीचं हाय."

त्या बाईचं खरं नाव मेरी इव्हान्स. जन्म ८ जानेवारी १९०८, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश फौजेत होते, त्यांच्यामुळे लहानपणीच ती हिंदुस्थानात आली. पहिल्या महायुद्धात वडील गेले. सरहद्द भागात वाढताना ती घोडेस्वारी शिकली. पुढे पोटासाठी नाच शिकली, सर्कशीत कामं केली आणि 'नादिया' हे नाव घेतलं. १९३४ च्या सुमारास ती मुंबईत वाडिया मूव्हिटोन या कंपनीत आली. ही कंपनी जमशेद वाडिया आणि त्यांचे धाकटे बंधू होमी वाडिया यांनी १९३३ साली काढली होती. त्यांचं घराणं जहाजं बांधणाऱ्या पारशी वाडियांचं. जमशेदजींनी सुचवलं की नाव 'नंदादेवी' ठेवू आणि डोक्याला काळ्या केसांची लांब वेणी लावू. नादियाने दोन्हीला नकार दिला. सोनेरी केस, निळे डोळे आणि अडखळतं हिंदुस्थानी घेऊनच ती पडद्यावर आली.

आता मला महत्त्वाचा वाटणारा भाग. वाडिया बंधूंनी तिला आल्या आल्या गच्चीवरून उडी मारायला लावली नाही. आधी दोन चित्रपटांत छोटी छोटी कामं दिली. लोक तिला स्वीकारतात का ते पाहिलं, आणि तिच्या अंगात काय आहे तेही पाहिलं. मग तिच्यासाठी म्हणून 'हंटरवाली' लिहिला गेला आणि दिग्दर्शन होमींकडे आलं. होमी तेव्हा चोवीस वर्षांचे होते. ते कॅमेऱ्याच्या मागून दिग्दर्शनात आलेले. उडी कुठून सुरू होते, कुठे संपते आणि मध्ये काय चुकू शकतं, हे त्यांना भिंगातून बघून माहीत होतं.

१९३५ साली चित्रपट तयार झाला, पण वितरक हात लावीनात. गोरी बाई, तोंडावर बुरखा, हातात चाबूक, आणि पुरुषांना उचलून आपटते; हे कोण बघणार? शेवटी वाडियांनी बिलिमोरियांना सोबत घेऊन तो स्वतःच्या हिमतीवर लावला. मुंबईत ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात तो पंचवीस आठवड्यांच्या वर चालला. बाजारात नादियाच्या नावाचे चाबूक आणि पट्टे आले. पुढच्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करत होती. बदली माणूस नाही, हवेने फुगवलेल्या गाद्या नाहीत, तारा बांधून उडवायची सोय नाही.

त्या काळात पडद्यावर तलवार धरणारी ती एकटीच नव्हती. आपल्या येवल्याच्या ललिता पवारांनी १९३१ च्या 'दिलेर जिगर' या मूकपटात बुरखा घालून तलवार चालवली आहे. १९३६ साली शांतारामबापूंच्या 'अमर ज्योती'त दुर्गाबाई खोटे समुद्री डाकूंच्या राणी झाल्या. पण तीस वर्षांहून अधिक काळ एकच दिग्दर्शक आणि एकच मारामारी करणारी नटी, अशी दुसरी जोडी मला माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला कशाला सांगतोस? त्यासाठी आता माझी गोष्ट सांगावी लागेल. इथे बसलेल्या दोन-तीन मित्रांशिवाय ती कोणाला ठाऊक नाही.

माझ्यासारख्याला हल्ली 'इंडिपेंडंट' दिग्दर्शक म्हणतात. त्याचा सरळ अर्थ असा की पैसा लावणारा कोणी पाठीशी नसतो. काही वर्षांपूर्वी मी आपल्याच तालुक्यात एक छोटा चित्रपट करत होतो. नायिका म्हणून कबड्डी खेळणारी एक मुलगी घेतली होती, एकोणीस वर्षांची. कधी कॅमेरा पाहिलेला नाही, पण अंगात वीज. पळायला सांगा, झाडावर चढायला सांगा, "हो सर" याशिवाय उत्तर नाही. एका दृश्यात तिने चालत्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडी मारून पळायचं होतं. खाली कडब्याच्या पेंढ्या पसरून, त्यावर माती टाकून आम्ही जागा मऊ केली होती. दोनदा उडी झाली, दोन्ही वेळा नीट झाली. पण मला चेहरा हवा तसा मिळाला नव्हता. तोवर आखाड्याच्या मालकाचा गडी कडबा उचलून घेऊन गेला, कारण जनावरांची वेळ झाली होती. दिवस बुडायला दहा मिनिटं उरली होती आणि कॅमेऱ्याचं भाडं दुसऱ्या दिवशी वाढणार होतं. मी म्हणालो, "एकदाच. तशीच मार."

तिने मारली. मनगट मोडलं. जमिनीवर बसल्या बसल्या, दुसऱ्या हाताने मनगट धरून तिने मला पहिला प्रश्न विचारला, "सर, शॉट आला का?"

शॉट आला होता. चांगला आला होता.

रात्री दवाखान्यात तिचे वडील आले. शेतकरी माणूस. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही तिथंच होते ना?"

मी "हो" म्हणालो. त्यापुढे माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं.

तो शॉट मी चित्रपटात ठेवला. पुण्यात एका खेळाला लोकांनी त्या उडीवर टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी उठून बाहेर गेलो. मग मी अशा माणसांबद्दल वाचू लागलो ज्यांनी हे काम जन्मभर केलं. असा मी नादियाकडे आणि त्याहून जास्त होमी वाडियांकडे वळलो. वाचताना ललिताबाईंचा प्रसंगही पुन्हा समोर आला. १९४२ च्या सुमारास 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड त्यांना जोरात बसली. पडद्यावरची साधी थप्पड. चेहऱ्याला लकवा झाला, तीन वर्षं उपचार चालले, डावा डोळा कायमचा अधू राहिला. बाई थोर, म्हणून त्याच डोळ्याने त्यांनी पुढे खाष्ट सासू अजरामर केली. पण ते मोल त्यांनी दिलं, आणि ते द्यायला नको होतं.

होमींचं काम जोखमीचंच होतं, ते सुरक्षित होतं असं मी म्हणणार नाही. 'जंगल प्रिन्सेस'मध्ये नादिया चक्क सिंहांबरोबर आहे. पण माझ्या लक्षात आलं ते वेगळंच. होमी तिच्यासोबत टिकून राहिले. थोरल्या भावाला पुढे वेगळ्या, गंभीर धाटणीचे चित्रपट करावेसे वाटू लागले आणि मारधाडपट मागे पडू लागले. तेव्हा होमी वेगळे झाले आणि १९४२ साली त्यांनी स्वतःची 'बसंत पिक्चर्स' काढली. वाडियांच्या परळच्या स्टुडिओत त्याच सुमारास शांतारामबापूंचं 'राजकमल कलामंदिर' उभं राहिलं. आणि बसंतचा पहिला चित्रपट कोणता? 'हंटरवाली की बेटी', १९४३. नादियाच. जॉन कावससारखी तीच माणसं वर्षानुवर्षं तिच्या सोबत राहिली. कोण कुठे उभं राहणार, कोण झेलणार, हे त्यांना एकमेकांच्या डोळ्यांतून कळत असणार.

दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. होमींच्या आईला हे लग्न मंजूर नव्हतं. ते थांबले. आई गेल्यावर, १९६१ साली त्यांनी लग्न केलं. तेव्हा नादिया त्रेपन्न वर्षांची होती. आणि १९६८ साली, साठाव्या वर्षी, 'खिलाडी'मध्ये ती पुन्हा पडद्यावर आली. दिग्दर्शक अर्थातच होमी वाडिया. ९ जानेवारी १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ती मुंबईत वारली. त्याच्या तीन वर्षं आधी घरातल्याच रियाद वाडिया या तरुणाने तिच्यावर माहितीपट केला होता, म्हणून आज तिची आठवण जागी आहे.

हे वाचत असताना मला सारखी आपली शाळा आठवत होती. मैदानाच्या कडेचा लिंब आठवतो ना? त्याच्या फांदीला पी.टी.च्या सरांनी दोर बांधला होता. मुलींनी दोरावर चढायचं की नाही, यावर गावात बरीच कुजबुज झाली होती. सर कोणाशी भांडले नाहीत. रोज संध्याकाळी दोराचं खालचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरून उभे राहायचे, दोर हलू नये म्हणून. वर चढणारी घाबरली की सर एवढंच म्हणायचे, "दोर मी धरलाय. तू चढ." आपल्या वर्गातली एक जण अशी चढायची की फांदीवर बसून चिंचा खायची. नाव घेत नाही. ती इथेच बसली आहे, आणि तिची नातवंडं सोबत आहेत.

आम्ही मुलं खाली उभे राहून तिच्या धाडसाचं कौतुक करायचो. सरांच्या हातांकडे कोणी बघत नसे. तळव्यांना पडलेले घट्टे मला आज आठवतात. ट्रॅक्टरच्या त्या उडीच्या वेळी माझे हात रिकामे होते. धाडस सगळं त्या पोरीचं होतं. मी नुसता बघत होतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. मनगट जुळलं. सहा महिन्यांनी मी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिचे वडील चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "पुन्हा काम असलं तर सांगा. पण आता मीबी येणार." पुढच्या चित्रपटात ती होती, आणि रोज एका कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून ते बसलेले असायचे. उडीच्या आधी गादी ते स्वतः हाताने दाबून बघत. आमच्या युनिटमध्ये त्यांच्याइतका काटेकोर माणूस दुसरा नव्हता. आज ती मुलगी तालुक्यातल्या पोरींना कबड्डी शिकवते, आणि माझ्या पुढच्या चित्रपटातल्या उड्या तीच बसवणार आहे.

लिंब अजून आहे, मी सकाळी जाऊन पाहून आलो. दोर नाही. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. नवा दोर आणि खाली घालायला चार जाड गाद्या मी देतो आहे. दोर कोणीही देईल. तो धरायला मात्र रोज संध्याकाळी कोणीतरी उभं राहावं लागेल. गावात राहणाऱ्यांनी वार वाटून घ्यावेत, ही विनंती. महिन्यातला एक रविवार माझा.

आणि बाई, राहता राहिलं ते नाव. येताना एसटीत मी ठरवून आलो होतो की आज सगळ्यांच्या वतीने तुमची माफी मागायची. पण एवढं सगळं सांगून झाल्यावर वाटतं, हंटरवाली म्हटल्याबद्दल माफी कसली मागायची? ज्याने कोणी हे नाव पहिल्यांदा ठेवलं, त्याला माणूस बरोबर ओळखता आला होता.

चला, वरण गार होईल.